नोटिशीचे खरे उत्तर

अग्निशमन दलाची नोटीस इमारतीच्या नावाने येते तेव्हा बहुतेक सोसायट्यांत पहिला प्रश्न निघतो तो ‘याला उत्तर काय द्यायचे?’ हा. कुणी ओळखीचा वकील सुचवतो, कुणी बिल्डरकडे बोट दाखवतो, कुणी ‘सगळ्यांनाच येतात, थांबून बघू’ म्हणतो. महिन्याभराने दोन ओळींचे पत्र जाते: आपली नोटीस मिळाली, कार्यवाही सुरू आहे. पत्राची पोच फाइलला लागली की समितीला हायसे वाटते. या प्रकरणात जे मांडायचे आहे ते या सवयीच्या विरुद्ध आहे. नोटिशीचे उत्तर आधी इमारतीत द्यायचे असते आणि मग कागदावर. इमारतीत काय आधी करायचे आणि काय नंतर, हा क्रमही आपल्या सोयीने ठरवता येत नाही. आगीत माणसे कशाने दगावतात याचा जो पुरावा आपल्यासमोर आहे, त्यावरून तो ठरवावा लागतो.

महाराष्ट्रात अशी नोटीस येते ती ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याखाली. हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. गृहनिर्माण सोसायटीत ती प्रत्यक्षात व्यवस्थापक समितीकडे येते. अधिकाऱ्याला तपासणीत त्रुटी आढळल्या की कलम ६ नुसार त्या नोंदवून मुदतीची नोटीस दिली जाते. मुंबईत ही मुदत सहसा १२० दिवसांची असते. इमारत जिवाला धोकादायक आहे असे दिसले, तर कलम ८ खाली ती रिकामी करायला लावण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आणि सील ठोकण्याचे अधिकार आहेत. कलम ३६ मध्ये किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास, २० हजार ते ५० हजार रुपये दंड आणि उल्लंघन चालूच राहिले तर दर दिवसाचा वेगळा दंड अशी शिक्षा आहे. इतका कडक कायदा असूनही नोटिशीची जरब का बसत नाही, याचे कारण सरळ आहे. शिक्षा दूरची वाटते आणि आग त्याहूनही दूरची. म्हणून शिक्षेचा धाक थोडा बाजूला ठेवून, दोष कळल्यानंतरही ते जिथे दूर झाले नाहीत तिथे पुढे काय घडले ते आधी पाहू.

दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ‘बॉर्डर’ चित्रपटाचा खेळ चालू असताना ५९ माणसे गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून पेटली. मृत्यू मात्र वरच्या बाल्कनीत झाले, ते प्रामुख्याने धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडण्याची एका बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बुजवलेली होती. या प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट तारखांमध्ये आहे. याच चित्रपटगृहाचा परवाना १९८३ मध्ये अग्निसुरक्षेतील दोषांमुळे निलंबित झाला होता. त्यावर न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि पुढची सुमारे चौदा वर्षे तात्पुरत्या परवान्यांवर खेळ होत राहिले. दोष दाखवणाऱ्या कारवाईला दिलेले उत्तर कायदेशीर होते. त्या उत्तराने कारवाई थांबली, पण प्रेक्षकांच्या वाटेतल्या खुर्च्या काही हलल्या नाहीत.

कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे लागलेल्या आगीत नव्वदच्या आसपास माणसे दगावली आणि त्यांत बहुतेक अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते. पार्किंगसाठी असलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवले होते. त्याला आग लागली, आणि धूर वातानुकूलन यंत्रणेच्या नळ्यांतून व उभ्या डक्टमधून वर चढून बंद काचांच्या इमारतीत कोंडला. हे तळघर मोकळे करा, असे अग्निशमन खात्याने त्याच वर्षी काही महिने आधी सांगितले होते आणि व्यवस्थापनाने तशी लेखी हमीही दिली होती. तिसरे उदाहरण मुंबईचे. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये मार्च २०२१ मध्ये एका मध्यरात्रीच्या सुमारास आग भडकली आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील रुग्णालयातले किमान दहा रुग्ण मृत्युमुखी पडले. कोरोनाच्या साथीत तिथे उपचार चालू होते. अग्निसुरक्षेतील त्रुटींबद्दल या मॉलला आधीच नोटीस गेलेली होती. म्हणजे एका ठिकाणी स्थगिती, दुसऱ्या ठिकाणी हमीपत्र आणि तिसऱ्या ठिकाणी चालढकल. धोका काय आहे हे तिन्ही ठिकाणी माहीत होते आणि कागदावर नोंदलेलेही होते. दुर्घटनेनंतर आपण नेहमी ‘यंत्रणा झोपली होती का?’ असे विचारतो. इथे यंत्रणेने इशारा दिला होता. तो पोहोचला त्या दिवसापासून आग लागेपर्यंतचे दिवस वाया गेले. कोणत्याही इमारतीला नोटिशीतून मिळणारी खरी किमती गोष्ट हे दिवसच असतात.

मग या दिवसांत आधी काय करायचे? नोटिशीतली यादी साधारणपणे यंत्रणेनुसार लिहिलेली असते: वेट रायझर, पंप, स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर, अग्निशामक नळकांडी, फलक, जिना, रेफ्यूज एरिया. समिती ती यादी कंत्राटदाराकडे देते आणि कंत्राटदार जे विकत आणता येते तिथून सुरुवात करतो. आठवड्याभरात भिंतींवर नवी लाल नळकांडी आणि अंधारात चमकणारे बाण दिसू लागतात. त्यांची गरज आहेच. पण वरच्या तिन्ही घटना सांगतात की माणसे धुराने आणि अडलेल्या वाटेने जातात. म्हणून यादीतली जिना, लॉबी, दारे आणि डक्ट ही कलमे पहिल्या आठवड्यात पूर्ण व्हायला हवीत. जिन्यातल्या सायकली, चपलांचे रॅक, जुनी कपाटे, लॉबीत बसवलेले जाळीचे दरवाजे हे हलवायला निविदा लागत नाही. मीटर रूममधले भंगार आणि पार्किंगमधले साठवलेले सामान एका दुपारी बाहेर काढता येते. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे लागलेल्या आगीत किमान सात जण मरण पावले. ती आग तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये लागली होती आणि तिथे चिंध्यांचे गठ्ठे ठेवलेले होते. रात्री तळाशी आग लागली की जिना हाच धुराचा रस्ता होतो, आणि वरच्या माणसांना खाली येण्याचा रस्ताही तोच असतो.

याच कारणासाठी उंच इमारतींत जिन्याला आपोआप मिटणारे फायर डोअर लावतात. वारा यावा म्हणून त्याच्याखाली लाकडाची पाचर किंवा वीट ठेवलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. त्या विटेमुळे दरवाजा असून नसल्यासारखा होतो. तीच गत विजेच्या डक्टची. प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या पातळीला, तारांभोवतीची पोकळी आग न पकडणाऱ्या साहित्याने बुजवलेली असावी लागते. केबल टीव्हीवाला, इंटरनेटवाला, इन्व्हर्टरवाला नवी तार ओढताना ते भरण फोडतो आणि कुणीच ते पुन्हा भरत नाही. मग तळापासून गच्चीपर्यंत सलग उघडा असलेला तो डक्ट आगीच्या वेळी धुराड्यासारखा ओढतो. डक्टचे दार उघडून विजेरीचा झोत वर मारला, आणि वरच्या मजल्याची तार दिसली, तर तिथून धूरही जाईल इतके समजायला तज्ज्ञ लागत नाही. गच्चीच्या कुलपाचाही विचार याच वेळी करावा. चोरीच्या भीतीने कुलूप लावणे समजू शकते, पण किल्ली सचिवाच्या घरात राहता कामा नये. ती दाराशेजारच्या काचेच्या पेटीत असावी आणि रात्रपाळीच्या वॉचमनला ते ठाऊक असावे.

वाटेनंतर पाणी. यंत्रणा बसवलेली असणे आणि चालू असणे यांतले अंतर मुंबईने ताडदेवच्या वीस मजली सचिनम हाइट्समध्ये २२ जानेवारी २०२२ ला पाहिले. तिथे वरच्या मजल्यावर आग लागली तेव्हा इमारतीची अग्निशमन यंत्रणा कामच करत नव्हती. यंत्रणा बंद कशी पडते हे पंप रूममध्ये गेल्यावर कळते. वेट रायझरच्या नळात पाणी सतत दाबाखाली असावे लागते. तो दाब जॉकी पंप नावाचा छोटा पंप राखतो. आगीच्या वेळी कुणी मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला की दाब घसरतो, प्रेशर स्विचला ते कळते आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. आता एखाद्या सांध्यातून पाणी झिरपू लागले, तर दाब सारखा उतरतो, जॉकी पंप रात्रंदिवस चालू-बंद होतो, आवाजाच्या आणि वीजबिलाच्या तक्रारी येतात. गळती शोधण्याऐवजी कुणीतरी पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर फिरवतो. त्या दिवसापासून त्या इमारतीत पंप आहे, नळ आहे, टाकीत पाणी आहे, पण आगीवर पाणी नाही. खटका पुन्हा ‘ऑटो’वर आणायला एक पैसा लागत नाही. मात्र तो तिथे टिकवायला गळती काढावी लागते, आणि नोटिशीच्या मुदतीत करायचे खरे काम ते असते.

ही कसोटी कोणालाही घेता येते. सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर कंत्राटदाराच्या माणसाकडून होज जोडून घ्यायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि गेज पाहायचे. सगळ्यात दूरच्या हायड्रंटला साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब अपेक्षित असतो. त्याच वेळी होज बॉक्स उघडून आतले नोझल आणि कपलिंग जागेवर आहेत का तेही बघायचे, कारण पितळेच्या या वस्तू चोरीला जाणे नित्याचे आहे. गेटजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटसमोर गाडी उभी राहत असेल, तर ती जागा पट्टे मारून रिकामी ठेवायची. इमारतीचा पंप बंद पडला तर दलाची गाडी त्या तोंडातूनच नळात पाणी भरते. स्प्रिंकलरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. एक उघडला की सगळे उघडतात आणि घर पाण्याने भरते, या भीतीने काही जण ते काढून टाकतात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये झाकतात. प्रत्यक्षात प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते. लाल द्रवाची नळी ६८ अंश सेल्सियसला फुटते, आणि जिथे ती फुटेल तिथूनच पाणी येते. भिंती रंगवताना या नळीवर बसलेला डिस्टेंपरचा थरही ती फुटायला उशीर लावतो.

ही कामे मार्गी लागली, की कागदाला वजन येते. उत्तर नोटिशीतल्या कलमांच्याच क्रमाने द्यावे. प्रत्येक कलमापुढे काय केले, कधी केले आणि त्याचा पुरावा काय, हे लिहावे. जे राहिले आहे त्यासाठी कार्यादेशाची प्रत, आगाऊ रक्कम दिल्याची पावती आणि पूर्ण होण्याची तारीख जोडावी. जे कलम पटत नाही, तिथे मंजूर नकाशाचा दाखला देऊन संयुक्त पाहणीची लेखी मागणी करावी. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी मागावी, आणि सोबत सर्वसाधारण सभेचा ठराव असावा. काम मात्र राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांनी परवाना दिलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यावे, कारण यंत्रणा योग्य बसवल्याचे प्रमाणपत्र तीच देऊ शकते. अशा उत्तराचा मोठा लाभ असा की पुढच्या समितीला सगळा इतिहास सलग मिळतो. सचिव बदलला की नोटीसही विसरली जाते, हे अनेक सोसायट्यांचे दुखणे आहे. कलमवार लिहिलेले उत्तर त्यावर इलाज करते.

यावर आक्षेप पुष्कळ निघतात आणि त्यांतले काही खरेच वजनदार आहेत. पहिला जुन्या इमारतींचा. कायदा नंतर आला, त्या वेळच्या नियमांनुसार आम्हाला परवानगी होती, मग आता नवे ओझे का? नळ टाकायला जागा नाही, तळाशी टाकी खोदता येत नाही, ही अडचण खरी असते. पण ती मांडण्याची जागा नोटिशीचे उत्तर हीच आहे. जिथे तळाच्या टाकीतून पाणी वर चढवणे शक्य नाही, तिथे गच्चीच्या टाकीतून बूस्टर पंपासह पाणी खाली आणणारा डाउन कमर यांसारखे पर्याय तज्ज्ञ सुचवू शकतात. तो पर्याय लेखी मांडून त्याला मंजुरी मागता येते. जुनेपणाचे कारण देऊन सवलत मागणारी सोसायटी जिन्यातले कपाटही हलवत नसेल, तर तिचे म्हणणे कमकुवत ठरते. दुसरा आक्षेप बिल्डरचा. यंत्रणा त्यानेच अर्धवट दिली, मग पैसे आम्ही का भरायचे? बिल्डरविरुद्धचा दावा जरूर लढवावा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसलेले बांधकामातले आणि सेवांमधले दोष दूर करून देण्याची जबाबदारी रेरा कायद्याच्या कलम १४ ने त्याच्यावर टाकली आहे. पण तो दावा आणि ही नोटीस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अग्निसुरक्षेचा कायदा भोगवटादाराला ओळखतो. दावा चालू असताना इमारतीत राहणारी माणसे बिल्डरची नसतात, आपली असतात. आधी यंत्रणा उभी करावी, खर्चाच्या पावत्या सांभाळाव्यात आणि मग त्या दाव्यात मांडाव्यात.

तिसरा आक्षेप पैशांचा. वर सांगितलेल्या पहिल्या आठवड्याच्या कामांना जवळजवळ पैसा लागत नाही, हे एक उत्तर आहेच, पण ते पुरेसे नाही. पंप, नळ, केबल यांचा खर्च मोठा असतो आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला एकरकमी वर्गणी जड जाते. आदर्श उपविधींमध्ये बांधकाम खर्चाच्या प्रमाणात वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी गोळा करण्याची तरतूद अशाच वेळेसाठी आहे. मासिक देखभाल शुल्क कमी दाखवण्यासाठी वर्षानुवर्षे हे निधी न जमवणाऱ्या सोसायटीला नोटीस आल्यावर सगळा भार एकदम पडतो. तो टप्प्यांत वाटता येतो, मात्र टप्पे धोक्यानुसार आखावे लागतात. लॉबीला ग्रॅनाइट बसवायला मंजुरी देणाऱ्या सभेने पंपासाठी निधी नाही असे म्हणणे योग्य नाही.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. नोटीस हे त्रास देण्याचे किंवा पैसे उकळण्याचे साधन आहे, असे उघडपणे बोलले जाते. असे कुठेच घडत नाही असा दावा कोणी करू नये. पण त्यावरचा उपायही लेखी, कलमवार आणि पुराव्यासह दिलेले उत्तरच आहे. ज्या सोसायटीचा पंप चालतो, जिना मोकळा आहे आणि प्रत्येक पत्राची पोच फाइलला आहे, तिच्याकडून मागण्यासारखे काही उरत नाही. तडजोडीने मिटवलेली नोटीस मात्र दोष तसाच ठेवते आणि पुढच्या मागणीला वाव देते. शिवाय इथे फसतो तो अधिकारी नव्हे. अठराव्या मजल्यावर झोपलेल्या सभासदाला आपली यंत्रणा चालू आहे असे वाटत राहते, आणि त्याच्या या समजुतीवर त्याचा जीव टांगलेला असतो.

नोटिशीची पूर्तता झाली, तपासणी झाली, की हे प्रकरण संपले असे वाटते. कायदा तसे मानत नाही. परवानाधारक एजन्सीने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ही तरतूद नीट वापरली तर पुढची नोटीस येण्याचे कारणच राहत नाही. पण व्हॉल्व्ह न उघडता सही झालेले प्रमाणपत्र मुळीच नसलेल्या प्रमाणपत्रापेक्षा वाईट, कारण ते खोटा धीर देते. म्हणून प्रमाणपत्रावर सही होताना समितीचा एक सभासद आणि वरच्या मजल्यावरचा एक रहिवासी हजर असावा, गेजवरचा आकडा त्यांनी पाहावा आणि तो सूचना फलकावर लावावा. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात इमारतीतल्या सर्वांनी जिन्याने खाली उतरण्याचा एक सराव केला, तर नोटिशीत न लिहिलेल्या अडचणीही कळतात: कोणत्या आजी उतरू शकत नाहीत, कोणता दरवाजा उघडत नाही, कोणत्या मजल्यावर घंटा ऐकू येत नाही.

तुमच्या इमारतीला नोटीस आली असेल, तर उत्तराचा मसुदा लिहायला बसण्याआधी एकदा तळापासून गच्चीपर्यंत जिन्याने चढून जा, पंप रूममधला खटका पाहा आणि वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडायला लावा. नोटीस आली नसेल, तरीही हेच करा.